पडून असलेलं सोनं

सराफाने पाटल्या मशीनमध्ये ठेवल्या, झाकण लावलं आणि अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर आकडा आला. मग तो काट्यावर वजन करत, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "जुनं काम आहे. घट जाईल थोडी. मोडायचंच आहे ना? नाहीतरी पडूनच असणार घरात."

मी म्हटलं, "उद्या सांगते." पाटल्या परत रुमालात बांधल्या आणि बाहेर आले.

पाटल्या आजीच्या आहेत. वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हल्लीच्या हिशोबाने चार तोळे. मी पुण्यात जिऑलॉजीत एम.एस्सी. केलं. पुढे न्यूझीलंडमधल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळालाय. बँकेचं कर्ज आणि घरची बचत मिळूनही थोडी रक्कम कमी पडत होती. आजीने एक दिवस स्टीलच्या डब्यातून हा रुमाल काढला आणि माझ्या हातात दिला. "मोड," म्हणाली. फार काही समारंभ केला नाही.

आता गंमत अशी, की मी जे शिकायला जाणार आहे तो विषयच सोनं कसं साठतं हा आहे. म्हणजे सोनं मोडून सोन्याचा अभ्यास. मैत्रिणींना हे सांगितलं की त्या हसतात, मीही हसते. पण सराफाचं ते "पडूनच असणार" डोक्यातून जाईना. कारण हे वाक्य मी त्याआधी शेकडो वेळा वाचलं होतं, फक्त वेगळ्या भाषेत. जमिनीखालच्या सोन्याबद्दल बोलतानाही लोक हेच म्हणतात. पडून आहे. काढलं तर कुणाचं काय जातं?

मला या प्रश्नाचं नीट उत्तर हवं होतं. त्यासाठी आधी ते सोनं तिथे येतं कसं, हे सांगावं लागेल.

पापुआ न्यू गिनीत न्यू आयर्लंड प्रांतात लिहीर नावाचा छोटा द्वीपसमूह आहे. त्यातल्या मुख्य बेटावर लुईसे नावाचा ज्वालामुखी आहे. त्याचं तोंड एका बाजूने फुटून समुद्राला मिळालंय, नालेच्या आकाराची दरी झालीय. या दरीत लाडोलाम नावाचा सोन्याचा साठा आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. शोध १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लागला, सोनं निघायला लागलं १९९७ साली. पण विशेष हे, की हा ज्वालामुखी अजून गार झालेला नाही. खाणीतला दगड गरम आहे, काही ठिकाणी इतका की त्यात सुरुंगाची दारू भरायची तर वेगळी काळजी घ्यावी लागते. वाफ सोडायला मुद्दाम विहिरी घ्याव्या लागतात. २००३पासून त्या वाफेवर वीजही तयार केली गेली, पुढे क्षमता ५६ मेगावॉटपर्यंत नेली. थोडक्यात, चूल पेटलेली असतानाच आपण भांड्याच्या तळाची खरवड काढतोय.

चूल पेटते कशी? समुद्रतळाची प्लेट दुसऱ्या प्लेटखाली घुसते तेव्हा आपल्याबरोबर पाणी घेऊन जाते, खनिजांच्या आत बांधलेलं पाणी. खोलवर ते सुटतं आणि वरच्या तप्त मॅंटलमध्ये शिरतं. ओला झालेला मॅंटल कमी तापमानाला वितळतो. अशा मॅग्मात पाणी, गंधक आणि क्लोरीन भरपूर असतं. हा मॅग्मा जमिनीच्या काही किलोमीटर खाली येऊन थांबतो, गार व्हायला लागतो, स्फटिक बनू लागतात. स्फटिकांना पाणी नको असतं. मग सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखं ते मॅग्मातून बाहेर पडतं आणि जाताना जे जे खडकात मावत नाही ते बरोबर घेऊन जातं. तांबं, चांदी, आर्सेनिक, सोनं.

सोनं पाण्यात विरघळत नाही असं आपण शाळेत शिकलो. गरम पाण्यात गंधक असेल तर विरघळतं. गंधकाचे रेणू सोन्याच्या अणूला दोन्ही बाजूंनी धरतात आणि तो पाण्याबरोबर वर निघतो. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळून संपत नाही, कारण दाब असतो. जमिनीखाली तसंच आहे. एक किलोमीटर खोलीवर पाणी तीनशे अंशालाही द्रवच राहू शकतं. ते वर सरकतं तसा दाब कमी होतो. किंवा भूकंपाने खडकाला भेग पडते आणि दाब एकदम पडतो. शिट्टी होते. पाणी उकळतं, हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन उडून जातो आणि सोन्याला धरणारे हात सुटतात. ते तिथेच, त्या भेगेच्या भिंतीला बसतं. मग क्वार्ट्झने भेग बुजते, पुन्हा दाब साठतो, पुन्हा फुटते. अशा साठ्यांना एपिथर्मल म्हणतात. हा शब्द रुळवला गेल्या शतकात वाल्डेमार लिंडग्रेन यांनी. अर्थ एवढाच, की जमिनीपासून फार खोल नसलेलं, साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आतलं, गरम पाण्याने केलेलं काम.

लिहीरखालची प्लेट आज सरकत नाही. पूर्वी सरकलेल्या प्लेटने ओला करून ठेवलेला मॅंटल पुढे वितळला, तिथून हा ज्वालामुखी आला. मग काही लाख वर्षांपूर्वी त्याची एक अख्खी बाजू समुद्रात कोसळली. वरचं ओझं एका क्षणात गेलं. एवढा मोठा कुकर, आणि झाकणच उडालं.

हे सगळं नुसता अंदाज नाही. न्यूझीलंडमध्ये ब्रॉडलँड्सच्या भूऔष्णिक विहिरींवर दाब कमी करणाऱ्या लोखंडी चकत्या असतात. १९८०च्या दशकात त्या उघडून पाहिल्या तर त्यांवर बसलेल्या पापुद्र्यात सोनं होतं, वजनाच्या काही टक्के. किटलीला क्षार बसतात तसं. मला भूगर्भशास्त्रात राहायचंय हे मी ज्या दिवशी ठरवलं, त्या दिवशी मी हे वाचलं होतं.

(आपल्याकडे असं सोनं का नाही, हा प्रश्न पहिल्या वर्षाला सगळेच विचारतात. दख्खनचा बेसॉल्ट पण ज्वालामुखीचाच ना? हो, पण तो मॅग्मा त्या मानाने कोरडा होता आणि प्रचंड भेगांतून थेट बाहेर वाहून गेला, खाली थांबून घाम गाळत बसला नाही. उन्हवरे, तुरळ, वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं आहेत, पण ते खोल जाऊन तापून आलेलं पावसाचंच पाणी आहे. त्याखाली मॅग्मा नाही. आपल्या दगडांच्या पोकळ्यांत गरम पाण्याने झिओलाइट आणि अ‍ॅमेथिस्ट ठेवले. सुंदर आहेत. सराफ घेत नाही.)

आता हिशोब. स्टुअर्ट सिमन्स आणि केव्हिन ब्राउन या दोघांनी लाडोलामच्या खोल विहिरींतून, एक किलोमीटरहून खालचं पाणी वर आणलं आणि त्यात सोनं मोजलं. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक टन पाण्यात सोनं सुमारे १५ मिलिग्रॅम. एवढंच. पण ते पाणी सेकंदाला साधारण पन्नास किलो या वेगाने सतत वर येत असतं. वर्षाला २४ किलो सोनं. या वेगाने तिथला तेरा-एक शे टनांचा साठा व्हायला सुमारे ५५,००० वर्षं पुरतात. भूगर्भशास्त्रात हा काळ म्हणजे चहा उकळायला लागतो तेवढा. दख्खनचे थर ६६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत, त्यापुढे पंचावन्न हजार काय?

मी आजीच्या पाटल्यांचा हिशोब केला. चाळीस ग्रॅम सोनं वाहून आणायला त्या पाण्याचे सव्वीस-सत्तावीस लाख लिटर लागतील. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर अडीचशेहून जास्त टँकर, तेही सगळं सोनं खाली बसलं तर. वेळ मात्र पंधरा तास. म्हणजे आजीपेक्षा ज्वालामुखी बराच वेगवान.

आजीला चाळीस वर्षं लागली. ती सिन्नरला विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि बोटं चालू. हजार विड्यांचा भाव ठरलेला, त्यातून खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे कापून. त्यातूनही ती दिवाळीला काही गुंजा सोनं घ्यायची. शहाण्णव गुंजांचा जुना तोळा. आधी डोरल्याच्या वाट्या, मग अंगठी, मग अंगठी मोडून त्यात भर घालून एक पाटली, मग बऱ्याच वर्षांनी दुसरी. फार पातळ द्रावण होतं तिचं आयुष्य. त्यातून एवढं जमवलं तिने.

आणि खाण? लिहीरची खाण वर्षाला वीस-पंचवीस टन सोनं काढते. म्हणजे ज्वालामुखीने आठशे ते हजार वर्षांत ठेवलेलं, एका वर्षात. कंपन्यांच्या अहवालात याला 'सोन्याचं उत्पादन' म्हणतात. मला हा शब्द खटकतो. मराठीत आपण खाणीतून सोनं काढतो म्हणतो. कर्जही काढतोच.

पण खटकणं म्हणजे युक्तिवाद नव्हे. वर्गातला एक मित्र मला नेहमी म्हणतो, ज्वालामुखीला काय वाटणार आहे? त्याने मेहनत केली म्हणतेस, पण त्याला ना हेतू ना इच्छा. मेहनत माणूस करतो. त्याला माहीत नसलं तरी हा जॉन लॉकचा मुद्दा आहे. लॉकने १६८९ साली मांडलं होतं, की निसर्गात सगळ्यांचं असलेलं काही माणूस आपले श्रम मिसळून आपलं करतो. मित्राचं निम्मं मला मान्य आहे. पृथ्वीवर अन्याय होतो, तिला दुःख होतं वगैरे मी म्हणणार नाही. ती भाषा मला खोटी वाटते, आणि ज्यांना फोनशिवाय करमत नाही त्यांच्या तोंडी तर जास्तच. फोनच्या सर्किटमध्येही सोनं असतंच.

पण लॉकनेच एक अट घातली होती, जी लोक सोयीने विसरतात. घ्या, पण इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागे राहिलं पाहिजे. नदीतून घागरभर पाणी घेणाऱ्याला ही अट पाळता येते. भेगेतलं सोनं घेणाऱ्याला कशी येणार? मागे टनाला दोन-तीन ग्रॅमऐवजी काही मिलिग्रॅम सोनं असलेला साधा दगड उरतो. आपण कितीही जपून काढलं, तरी दर वर्षी चोवीस किलोच्या वर गेलो की मुद्दलातून खातोय. आणि चोवीस किलोंसाठी कुणी खाण उघडत नाही. त्यामुळे 'शाश्वत सोनं' असं कुठे जाहिरातीत दिसलं की मला हसू येतं. कामगारांना नीट वागवलं असेल, पाणी शुद्ध केलं असेल, चांगलंच आहे. पण शाश्वत?

मग काढूच नये का? इथे मला आजीचा नियम आठवतो. ती म्हणायची, सोनं मोडून भाजी आणायची नाही. मोडलं तर त्यातून दुसरं काहीतरी उभं राहिलं पाहिजे. विहीर, घराचं छप्पर, कुणाचं शिक्षण. अर्थशास्त्रात हे जॉन हार्टविक यांनी १९७७ साली गणिताने मांडलं. संपणाऱ्या साधनातून मिळणारी कमाई खाऊन टाकायची नाही, ती दुसऱ्या टिकाऊ भांडवलात घालायची, म्हणजे पुढच्या पिढ्या गरीब होत नाहीत. आजीला समीकरणं येत नव्हती. पण तिच्याकडे ते आधीपासून होतं, असा माझा दावा आहे.

खूप दिवस मला वाटत होतं, की उत्तर मिळालं. मी पाटल्या मोडते, त्यातून माझं शिक्षण उभं राहतं, नियम पाळला गेला. सराफाकडून परत आले त्या रात्री मात्र हे उत्तर तितकंसं घट्ट वाटेना. कारण हार्टविक काय आणि आजी काय, दोघंही धरून चालतात की मोडणारा आणि उभं करणारा एकाच घरातले आहेत.

लिहीरमध्ये जमीन आईकडून चालत येते, कुळाच्या नावाने. तिथल्या बंदराच्या काठाला आयलाया नावाचा खडक आहे. मेलेल्यांचे आत्मे तिथून पलीकडे जातात अशी लोकांची श्रद्धा. तो खडक आज खाणीच्या हद्दीत उभा आहे. खडक फोडला नाही, पण आजूबाजूचं सगळं बदललं. खाणीचा निरुपयोगी दगड बार्जमधून समुद्रात टाकला जातो, सोनं काढून उरलेला गाळ नळीने खोल समुद्रात सोडतात. आयलायाच्या बदल्यात दुसरं कुठलं भांडवल उभं करायचं? आणि त्याची किंमत कुणी लावायची?

एक सांगायला हवं. लिहीरच्या लोकांना खाण नको होती आणि ती त्यांच्यावर लादली, असं चित्र काढलं तर ते खोटं ठरेल. अनेकांना ती हवी होती. रस्ते, दवाखाना, पैसा, जगात काही स्थान. १९९५ साली त्यांनी कंपनी आणि सरकारशी करार केला, त्यात भरपाई, घरं, नोकऱ्या अशा बऱ्याच गोष्टी मागून घेतल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर शेजारचं बोगनविल होतं. तिथली पांगुना ही तांब्या-सोन्याची खाण. भूगर्भशास्त्रात ती एपिथर्मल साठ्यांची खोलवरची सख्खी नातेवाईक, पॉर्फिरी. जमीन तिथेही बायकांच्या वंशातून चालणारी. नद्या गाळाने भरल्या, वाटा मिळाला नाही अशी भावना साठत गेली, १९८९मध्ये खाण बंद पडली आणि मागून यादवी युद्ध आलं. हजारो माणसं मेली. लिहीरच्या लोकांनी यातून धडा घेतला आणि घासाघीस केली. त्यांनी नाहीच म्हणायला हवं होतं, हे पुण्यात बसून म्हणणं फार सोपं आहे. माझ्या आजीने विड्या वळायला नको होत्या, असं म्हणण्याइतकंच.

म्हणून मला वाटतं, खरी अडचण काढण्यात नाही, त्या 'पडून आहे' या शब्दांत आहे. हे शब्द उच्चारले की हिशोबाचा एक रकाना कोराच राहतो. आजीच्या पाटल्या पडून नव्हत्या. त्या तीनदा गहाण पडल्या आणि तीनदा सुटल्या. एकदा विहिरीच्या मोटरसाठी, एकदा बाबांच्या डिप्लोमासाठी, एकदा आजोबांच्या दवाखान्यासाठी. मधली सगळी वर्षं त्या डब्यात होत्या म्हणून आजी रात्री झोपायची. सराफाच्या काट्यावर झोपेचं वजन येत नाही. लिहीरचं सोनंही नुसतं पडलेलं नव्हतं. त्याच्यावर बागा होत्या, त्याच्याशेजारी मेलेल्यांची वाट होती. आणि माझ्यासारखीला सांगायचं तर ते अजून घडत होतं. ज्याला आपण पडून असलेलं म्हणतो, ते बहुतेक वेळा फक्त आपल्याला न दिसणारं काम करत असतं. हे मान्य करूनही काढता येतं. पण मग 'कुणाचं काय जातं' असं विचारून काढता येत नाही. काय जातंय आणि कुणाचं जातंय, हे आधी मोठ्याने म्हणावं लागतं, आणि ज्याचं जातं त्याच्या तोंडून हो यावं लागतं. तो हो मनापासूनचा होता की नाइलाजाचा, हेही विचारावं लागतं. लिहीरच्या बाबतीत याचं उत्तर मी देऊ शकत नाही. आजीच्या बाबतीत निदान फोन करू शकत होते.

केला. विचारलं, "आजी, तुला खरंच चालेल? नंतर डबा रिकामा बघून झोप नाही आली तर?"

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आता झोप तशीही येत नाही. गुडघे दुखतात." पुन्हा गप्प. मग, "एक ठेव. तुझ्या आईसाठी. एक मोड."

आधी तिने दोन्ही दिल्या होत्या. मी विचारलं नसतं तर दोन्ही गेल्या असत्या आणि ती काही बोलली नसती.

या पाटल्यांचं सोनं कुठल्या जमिनीतलं, हे कधीच कळणार नाही. सोनं वितळून एकमेकांत मिसळत राहतं. त्यात एखाद्या राणीच्या दागिन्याचा अंश असेल, एखाद्या वाहून गेलेल्या नदीचाही. लिहीरचं सोनं १९९७नंतरचं, दुसरी पाटली त्याआधीच झालेली, त्यामुळे ते नाही एवढंच नक्की. याने माझी सुटका होत नाही. मी जे शिकणार आहे त्यावर पुढे मला जी नोकरी मिळेल, ती बहुधा कुणाच्या तरी बागेखाली काय आहे हे सांगण्याची असेल. तेव्हा माझ्या अहवालात 'पडून' या अर्थाचा कुठलाही शब्द नसेल, एवढं मी आत्ता तरी म्हणू शकते. अहवालाला असा रकाना असतो का, ते तिथे गेल्यावर बघेन.

दुसऱ्या दिवशी एकच पाटली घेऊन गेले. सराफाने ती वितळवली, थंड झाल्यावर पुन्हा वजन केलं, आकडे पावतीवर लिहिले. एवढ्याशा पिवळ्या बटणाकडे मी बघत राहिले. रक्कम अर्धीच झाली, बाकीची सोय एका मावशीने उसनी केली.

संध्याकाळी आजीचा फोन आला. भाव किती मिळाला, हे तिने विचारलं नाही. ती म्हणाली, "घट किती धरली?"